कचेरी सुटल्यानंतर

पुणें शहरांत चहाचा पेला हा नुसता चहाचा पेला क्वचितच असतो. १८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानानंतर शहरांतील प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक हे दोघेही त्या मंडळींत होते. पुढें उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापून आलीं, आणि पेला कोणी तोंडास लावला व कोणी नुसता हातांत धरला, या वादानें शहर गजबजून गेलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें व त्यांतून प्रायश्चित्तें निघालीं. कोण कोणाबरोबर बसून काय घेतो, यावरून माणसाचें समाजांतील स्थान ठरतें, हा धडा पुणेकरांस त्या वेळीं पुरता मिळाला.

तोच प्रश्न आज निराळ्या वेषांत कचेरीच्या दाराशीं उभा आहे. हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्टा येथील कचेऱ्या सायंकाळीं सुटूं लागल्या कीं रस्त्याच्या कडेच्या टपऱ्यांवर घोळके जमतात. कांहीं मंडळी पुढें उपाहारगृहांत जातात. शनिवारीं कोणी सिंहगड चढण्याचा बेत करतो, कोणी क्रिकेटचा डाव मांडतो. या घोळक्यांकडे पाहिलें तर त्यांत पुरुषच बहुधा अधिक दिसतात. त्यांच्याच शेजारीं दिवसभर बसून तेंच काम तितक्याच कुशलतेनें करणाऱ्या स्त्रिया मात्र बसच्या थांब्याकडे वा आपल्या दुचाकीकडे लगबगीनें निघालेल्या असतात. वरवर पाहतां यांत कोणाचें कांहींच बिघडत नाहीं. परंतु थोड्या बारकाईनें पाहिलें म्हणजे बिघडतें तें याच घटकेस, असें ध्यानांत येतें.

कचेरींत दोन प्रकारचे व्यवहार चालतात. एक कागदावरचा, दुसरा तोंडचा. नवीन काम कोणतें येऊं घातलें आहे, परदेशीं कोणास पाठवावयाचें आहे, कोणती जागा रिकामी होणार आहे, या वार्ता कागदावर येण्यापूर्वीं कितीतरी दिवस चहाच्या पेल्याबरोबर फिरत असतात. ज्याच्या कानीं त्या आधीं पडतात, तो आधीं तयारीस लागतो. दुसरी गोष्ट परिचयाची. वरिष्ठास ज्याचा स्वभाव, ज्याची विनोदबुद्धि, ज्याच्या घरची हकीकत ठाऊक असते, त्याचें नांव वेळीं त्यास सहज आठवतें. तिसरी गोष्ट विश्वासाची. आणि विश्वास हा अहवाल वाचून येत नाहीं, तो सहवासानें येतो. अशा रीतीनें वार्ता, परिचय व विश्वास हीं तिन्हीं, कचेरी सुटल्यानंतरच्या घटकाभरांत, कोणीही कट न करतां, ठराविक मंडळींत वाटलीं जातात.

ही केवळ तक्रारखोर मनाची कल्पना नव्हे. झोई कलन व रिकार्डो पेरेझ-ट्रुलिया या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं आशियांतील एका मोठ्या बँकेच्या दप्तराचा अभ्यास करून २०२३ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुरुष कर्मचाऱ्यावर पुरुष वरिष्ठ आला असतां त्या कर्मचाऱ्यास पुढील वर्षांत बढती लवकर मिळते, असें त्यांस आढळलें. स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतींत वरिष्ठ स्त्री असो वा पुरुष असो, कांहीं फरक पडत नव्हता. विशेष हें कीं, त्या पुरुषांनीं काम अधिक केलें होतें असें मुळींच दिसलें नाहीं. जेथें वरिष्ठाजवळ बसणें-उठणें होतें तेथेंच हा लाभ दिसला. धूम्रपान करणाऱ्या वरिष्ठाच्या हाताखालीं धूम्रपान करणारा पुरुष आला, तर तो अशाच रीतीनें पुढें सरकला. सारांश, बढतीचा एक वांटा मेजावर नव्हे, तर बाहेर उभें राहून मिळविला जात होता.

पुण्यापुरतें बोलावयाचें तर हा प्रश्न येथें उशिरा उद्भवला, यास कारण आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८२ सालीं येथें आर्य महिला समाज स्थापिला; रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं पुणें सेवासदन उभें राहिलें. या चळवळींतून स्त्रिया शिकल्या, शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. परंतु त्या व्यवसायांत सोबतीस बहुधा स्त्रियाच असत, म्हणून काम संपल्यावर कोणाबरोबर बसावें हा पेंच पडत नसे. ज्या दिवशीं स्त्री पुरुषांच्या कारखान्यांत शिरली, त्या दिवशीं तो पडला.

त्या प्रवेशाची एक प्रसिद्ध कथा पुण्याशींच निगडित आहे. १९७४ च्या सुमारास टेल्को कंपनीनें अभियंत्यांसाठीं दिलेल्या जाहिरातींत स्त्रियांनीं अर्ज करूं नयेत अशी सूचना होती. ती वाचून सुधा कुलकर्णी या तरुणीनें जे. आर. डी. टाटा यांस एक पोस्टकार्ड पाठविलें. तिला पुण्यास मुलाखतीसाठीं बोलावणें आलें आणि ती नेमली गेली. सुधा मूर्ति या नांवानें त्या पुढें प्रसिद्धीस आल्या. मुंबईंतील आपल्या दिवसांची एक आठवण त्यांनीं लिहिली आहे. कचेरी सुटल्यावर पति न्यावयास येण्याची वाट पाहत त्या उभ्या होत्या. अंधार पडत होता. टाटांनीं तें पाहिलें व पति येईपर्यंत ते स्वतः त्यांच्याबरोबर थांबले.

ही आठवण वाचून मन भरून येतें, आणि तें योग्यच आहे. तथापि तिच्यांत एक गोष्ट अभावितपणें उघड झाली आहे. कचेरी सुटल्यानंतरची वेळ ही पुरुषास मोकळीक असते आणि स्त्रीस ती काळजीची वेळ असते. थोर मनाचा वरिष्ठ त्या वेळीं तिचें रक्षण करतो. परंतु रक्षण करणें आणि सहभागी करून घेणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या काळजीचीं कारणें तीन. पहिलें वेळेचें. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीप्रमाणें घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाकाठीं सरासरी २८९ मिनिटें खर्चितात. घरकाम करणारे पुरुष ८८. पावणेपांच तासांहून अधिक एकीकडे, दीड तासांहून कमी दुसरीकडे. यांत नोकरी न करणाऱ्या स्त्रियाही आल्या हें खरें. पण नोकरी लागली म्हणून स्वयंपाकघर सुटतें असें कोथरूडच्या वा हडपसरच्या कोणत्या घरीं दिसतें? सहा वाजतां पुरुषाचें काम संपतें. स्त्रीची पाळी बदलते इतकेंच.

दुसरें कारण रस्त्याचें. २००७ सालच्या नोव्हेंबरांत रात्रपाळीस निघालेल्या एका तरुणीचा, तिला नेणाऱ्या मोटारीच्या चालकानेंच साथीदाराच्या मदतीनें खून केला. २००९ सालीं खराडीहून घरीं निघालेल्या एका संगणक-अभियंता स्त्रीची तीच गत झाली. या दोन घटना पुणें विसरलेलें नाहीं. २०१७ च्या महाराष्ट्र दुकानें व आस्थापना कायद्यानें रात्रीं साडेनऊनंतर स्त्रीस कामावर ठेवावयाचें तर तिची संमति घेण्याची आणि संरक्षणाची तजवीज करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. पण ही तजवीज कामासाठीं आहे. मित्रमंडळींचें जेवण दहा वाजतां आटोपलें, तर तिनें घरीं कसें जावें, याचा विचार कोणी करावयाचा?

तिसरें कारण लोकांच्या तोंडाचें. पुरुष उशिरा परतला तर तो कष्टाळू ठरतो. स्त्री परतली तर वाड्यांतील असो वा सोसायटींतील असो, खिडकी उघडतेच. यांतूनच कचेरींतील एक गोड वाक्य जन्मास आलें आहे: “मॅडमना उशीर होईल, त्यांना कशाला थांबवायचं?” हें वाक्य बोलणाराच्या मनांत बहुधा सद्भावच असतो. परंतु मॅडमना विचारण्यापूर्वीं मॅडमचें उत्तर ठरवून टाकणारा हा सद्भाव आहे.

अलीकडे या सद्भावास भीतीची जोड मिळाली आहे. कामाच्या ठिकाणीं होणाऱ्या लैंगिक छळास आळा घालणारा कायदा २०१३ सालीं झाला. दहा वा अधिक माणसें असलेल्या कचेरींत अंतर्गत समिति हवी, तिच्या अध्यक्षस्थानीं स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, असें त्यांत सांगितलें आहे. शिवाय ‘कामाचें ठिकाण’ या शब्दांत कामानिमित्त जावें लागेल ती जागा आणि मालकानें पुरविलेलें वाहन हींही येतात. अर्थात् कंपनीनें नेलेली सहल वा योजिलेली मेजवानी कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, असें कोणी समजूं नये. कायदा स्त्रीस निर्धास्त वावरतां यावें म्हणून झाला. परंतु कित्येक पुरुषांनीं त्याचा अर्थ असा घेतला कीं, बायकांस न बोलावणें हेंच शहाणपणाचें. दार सुरक्षित करावें म्हणून दिलेलें कुलूप त्यांनीं ती बाहेर असतांना आंतून लावून घेतलें! हेंही एक ग्रामण्यच होय. फरक इतकाच कीं, यांत ठराव होत नाहीं व प्रायश्चित्ताची सोयही नाहीं.

येथें एक आक्षेप निघेल. स्नेह ही हुकमानें घडणारी वस्तु नव्हे. कोणी कोणाबरोबर चहा घ्यावा हें कचेरीनें कां ठरवावें? आक्षेप खरा आहे. स्नेह मोकळाच असावा. मात्र पद, पगार आणि कामाची वांटणी हीं स्नेहाच्या पदरांतील दानें नव्हत, तीं कामाचें मोल आहेत. तेव्हां उपाय स्नेहावर नको. स्नेहाच्या घटकेंत जें चोरपावलांनीं ठरून जातें त्यावर हवा.

तो उपाय फारसा खर्चाचाही नाहीं. कामाचा निर्णय कामाच्या वेळांतच व्हावा. टपरीवर कांहीं ठरलेंच, तर दुसऱ्या दिवशीं तें सर्वांसमोर पुन्हा मांडावें व लिहून काढावें. नव्या जागेची वार्ता सर्वांस एकाच वेळीं कळवावी. एकत्र बसणें दुपारच्या जेवणास ठेवल्यास ज्यांना लहान मुलें आहेत अशा बापांचीही सोय होते. मद्य हें मेजवानीचें केंद्र नसावें. न घेणारास व लवकर उठणारास कारण सांगावें लागूं नये. रात्रीचा समारंभ असेल तर निमंत्रणांतच परतीच्या गाडीची व्यवस्था लिहिलेली असावी. आणि विचारणें सर्वांस सारखें असावें. येणें न येणें हें जिचें तिनें ठरवावें.

इतकें करूनही अर्धा उपाय शिल्लक राहतो, तो कचेरींत नाहीं, घरांत आहे. टपरीवर उभा असलेला पुरुष जो घटकाभर मोकळा असतो, ती घटका त्याच्या घरीं कोणीतरी भरून काढीत असतें; कित्येकदां तीही दुसऱ्या एखाद्या कचेरींतून धांवत आलेली असते. तिच्या बढतीचा अर्ज तिच्या वरिष्ठाच्या हातीं असतो हें खरें. पण आठवड्यांतून दोन सायंकाळीं तरी तिच्या पतीनें वेळेवर घरीं येऊन कुकर चढविला व मुलांचा अभ्यास घेतला, तर त्या अर्जावरील एक ओळ त्याच्या हातूनही लिहिली जाते.