मोंतोनेच्या उन्हांतील मराठी नांव

इटलीच्या उंब्रिया प्रांतांतील मोंतोने या टेकडीवरील गांवीं नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलेलें आहे. तेथील पालिकेनें व इतिहासाभ्यासकांनीं २०२३ च्या जुलैंत त्याचें अनावरण केलें.

माणगांव तालुक्याचे हे सुपुत्र मराठा लाइट इन्फन्ट्रींत होते. १० जुलै १९४४ रोजीं टायबरच्या खोऱ्यांत तुकडींतील सारे सोबती मेले वा जायबंदी झाले, तेव्हां ते एकटेच मशीनगनच्या मोर्च्यावर तुटून पडले. काडतुसें भरावयास अवसर नव्हता, म्हणून बंदुकीच्या दस्त्यानें झुंजले. मोर्चा सर झाला, आणि दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं त्यांचा अंत झाला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. वय अवघें बावीस!

इटलीच्या रणांत ५,७८२ हिंदी सैनिक कामास आले. ज्या गांवास घाडग्यांची भाषाहि ठाऊक नव्हती, त्यानें एकोणऐंशी वर्षांनीं त्यांचें ऋण मानलें. मग आपल्याच आळींतील निवृत्त जवानास वर्षांतून एकदां हारतुरा देऊन आपण मोकळें कसें व्हावें? सत्कार आटोपल्यावर त्यांस घरीं बोलवावें, वडीलधाऱ्यांच्या पंक्तीस बसवावें आणि मुलांनीं त्यांच्याच तोंडून हकीकत ऐकावी. दगडावरील नांव लोकांच्या मुखीं राहतें, तें अशानेंच.