कोंबडं झाकलं तरी...

हुकूमशाहीत माणसं बोलायची थांबतात, असा आपला समज असतो. खरं तर ती थांबत नाहीत. आडवाटेनं बोलू लागतात. पण त्याची किंमत फार मोठी असते. चीनच्या उदाहरणावरून ती सांगतो.

चीनमध्ये फेसबुक आणि ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, २००९ पासून बंद आहेत. तिथं वेइबो, वीचॅट अशा देशी सेवा चालतात. त्यांच्यावरचा नको तो मजकूर काढण्याची जबाबदारी सरकारनं कंपन्यांवरच टाकली आहे. मर्यादा नेमकी कुठं, हे स्पष्ट नसतं. चुकलं तर दंड मात्र होतो. मग कंपन्या जरुरीपेक्षा जास्तच पुसतात.

लोकही वाटा शोधतात. ४ जून १९८९ रोजी बीजिंगमध्ये निदर्शकांवर गोळीबार झाला. ती तारीख लिहिली की मजकूर गायब होतो. म्हणून लोकांनी लिहिलं, ‘३५ मे’. मेचे ३१ दिवस आणि पुढचे चार! पुढं हा शब्दही पुसला जाऊ लागला.

आता वुहानचे नेत्रतज्ज्ञ डॉ. ली वेनलियांग यांची गोष्ट ऐका. ३० डिसेंबर २०१९ रोजी त्यांनी वीचॅटवरून वर्गमित्रांना कळवलं, की सार्ससारख्या आजाराचे रुग्ण आले आहेत, सांभाळा. यात राजकारण कुठं होतं? तरीही ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना लेखी समज दिली. कागदावर विचारलं होतं, हे थांबवाल का? समजलं का? डॉक्टरांनी ‘थांबवीन’, ‘समजलं’ असं लिहून अंगठा उठवला. ७ फेब्रुवारी २०२० रोजी कोरोनानंच त्यांचा बळी घेतला. मार्चमध्ये पोलिसांनी समज मागं घेतली, कुटुंबाची माफी मागितली.

त्याच महिन्यात वुहानच्याच डॉ. आय फेन यांची एका मासिकातली मुलाखत इंटरनेटवरून काढण्यात आली. लोकांनी ती उलट्या क्रमानं, चित्रखुणांत, अगदी तारायंत्राच्या मोर्स लिपीतही लिहून फिरवली.

ही हिकमत कौतुकाचीच. पण साथीची बातमी कोड्यात सांगून भागत नाही. ती साध्या शब्दांत, वेळेवर, सगळ्यांना कळावी लागते. टीका दाबायला बसवलेली यंत्रणा सावधगिरीचा इशाराही दाबते, कारण तिला दोन्ही सारखेच वाटतात.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. पण गावाला जाग मात्र उशिरा येते.