जंतुदोषाची चाळणी

‘अंगात विष चढले’ हा शब्दप्रयोग आपल्या घराघरांतला आहे. पायातला काटा चिघळला, बाळंतिणीला ताप भरला, किंवा शस्त्रक्रियेनंतर बरा होत आलेला माणूस एकाएकी खचला, म्हणजे जुनी माणसे असे म्हणत. ह्यांतील पुष्कळ प्रसंगी जे घडत असे त्याला आजचे वैद्यक सेप्सिस म्हणते. २०१७ या एका वर्षात जगातील सुमारे ४ कोटी ८९ लाख माणसांना सेप्सिस झाला आणि त्यांतील १ कोटी १० लाख दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा आहे असे आम्ही मानीत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘जखम सेप्टिक झाली’ असे आपण सहज म्हणतो; पण जखमेत पू झाला म्हणजे सेप्सिस झाला असे नव्हे. जंतूंचा शिरकाव फुप्फुसात, मूत्रमार्गात, पोटात, कोठेही होऊ शकतो. शरीर त्यांच्याशी झुंजते, ते योग्यच आहे. परंतु कधीकधी ह्या झुंजीचा तोल सुटतो. चोर पकडावयास निघालेल्या गावकऱ्यांनी घराघरांची कौलेच उतरावीत, तसे होते. रक्तवाहिन्या सैलावतात व पाझरू लागतात, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडे, मेंदू, फुप्फुसे ह्यांना पुरेसे रक्त मिळत नाही. जंतूंमुळे स्वतःच्याच इंद्रियांची अशी हानी होऊ लागली, म्हणजे तो सेप्सिस.

हा ओळखावा कसा? येथेच खरी अडचण आहे. त्याची एकच एक अशी खूण नाही. ताप असतो, पण वृद्ध माणसात तो नसतोही. उलट अंग गार पडते. रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला एक-दोन दिवस सहज लागतात, आणि रोग तेवढा थांबत नाही. तेव्हा साध्या खुणांवरच भिस्त ठेवावी लागते. आपल्या शिवाजी पेठेत तालमीचे वेड जुने. कुस्ती सुटल्यावर मल्लाचा श्वास भात्यासारखा चालतो, त्यात नवल नाही. पण अंथरुणावर स्वस्थ पडलेल्या माणसाचा श्वास तसा चालू लागला, तर ती धोक्याची घंटा समजावी.

अशा खुणांवरून रुग्ण निवडण्यास चाळणी परीक्षा म्हणतात. २०१६ साली तज्ज्ञांनी तीन खुणा सुचविल्या: मिनिटाला २२ किंवा अधिक श्वास, वरचा रक्तदाब १०० किंवा त्याखाली, आणि भ्रमिष्टपणा वा गुंगी. तिन्हींपैकी दोन दिसल्या की धोका. पण चाळणीची भोके मोठी असली तर धान्याबरोबर खडेही खाली उतरतात. ह्या चाळणीतून आजारी माणसे निसटू लागली, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये असे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने सांगितले. इंग्लंडात २०१२ पासून श्वास, नाडी, रक्तदाब, तापमान, शुद्ध आणि रक्तातील प्राणवायू ह्या नोंदींना गुण देऊन बेरीज मांडण्याची पद्धत आहे. बेरीज वाढली की डॉक्टरांना बोलवावयाचे.

मग भोके अगदी बारीकच का ठेवू नयेत? कारण मग धान्यही वर अडकते. प्रत्येक तापकऱ्याला जबर प्रतिजैविके दिली, तर त्या औषधांना दाद न देणारे जंतू बळावतात. म्हणून चाळणीने शंका घ्यावी, निर्णय डॉक्टरने करावा, आणि तोही त्वरेने. रक्तदाब कोसळला असेल किंवा सेप्सिसची दाट शंका असेल, तर तासाभरात औषध सुरू व्हावे. रक्तदाब ठीक असून शंका अंधुक असेल, तर तातडीने तपासणी करावी, आणि शंका टिकली तर तीन तासांत.

ह्यासाठी मोठी यंत्रेच हवीत काय? आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण पाहा. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची तपासणी व उपचार शिकविले. बाळाचे चोखणे मंदावले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, अंग गार लागले, अशा त्या खुणा. पुढे नोंदींच्या अभ्यासातून सात खुणांची यादी ठरली: त्यांतील कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या की पुरे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सेप्सिस झालेल्या बाळांपैकी पूर्वी १६.६ टक्के दगावत. ह्या स्त्रियांनी उपचार सुरू केल्यावर ते प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. बाळाच्या खुणा मोठ्या माणसाला लागू पडत नाहीत, हे खरे. परंतु रोज पाहणे, मोजणे, लिहून ठेवणे आणि लगेच हालचाल करणे, हे मर्म दोन्हीकडे एकच आहे.

आता आपले काम. आपल्याकडे रुग्णालयात, मग ते सी. पी. आर. असो वा खासगी, रुग्णाच्या उशाशी घरचे माणूस असते. परिचारिकेला अनेक खाटा पाहावयाच्या असतात, आपल्याला एकच. काल वर्तमानपत्र वाचणारे आजोबा आज सुनेला ओळखीत नाहीत, हे कोणत्याही यंत्राआधी सुनेला कळते. पण तेथेच मायेपोटी एक घात होतो. ‘डोळा लागला आहे, उठवू नका’ असे आपण म्हणतो, आणि ती झोप नसून गुंगी असते! म्हणून हाक मारून पाहावी. घड्याळ लावून पुरे एक मिनिट श्वास मोजावेत. लघवी शेवटची केव्हा झाली, हातपाय गार किंवा डागाळलेले आहेत काय, हे पाहावे. बदल दिसला तर रात्र असो वा पहाट, परिचारिकेला सांगावे, आणि ‘सेप्सिसची शंका आहे काय?’ असे स्पष्ट विचारावे. दुकानातून आणलेली गोळी आपल्या मनाने देऊ नये. लक्ष गेले नाही तर पुन्हा सांगावे. त्यात उद्धटपणा नाही.

चाळणी कितीही चांगली असली तरी ती हलविणारा हात लागतो. त्यांतला एक हात आपला आहे, एवढे लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.