ओंडक्याच्या दारी करवत

करवतीचे कूळ थोर आहे. संस्कृत 'करपत्रा'पासून ती प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे आली आणि धोतराच्या करवतकाठी किनारीतही जाऊन बसली. तिचा थोरला भाऊ आरा मात्र फारसीकडचा. मराठीच्या मास्तराला एवढे ठाऊक असते. ओंडका चिरतात कसा, हे मला कळले ते आमच्या कसब्यातल्या वाड्याच्या चौकातला फणस गेल्या पावसाळ्यात आडवा झाला तेव्हा.

खोड दहा फूट लांब, दोन फूट जाड. वजन पाऊण टन तरी असेल. बोळ असा, की समोरून सायकल आली तर एकाने ओट्यावर चढावे! लाकडाच्या गिरणीवर हे धूड न्यायचे कसे? सरपणवाला तुकडे करून न्यायला तयारच होता. थोरले बंधू म्हणाले, "देऊन टाक. वाडा तरी किती दिवस राहणार?" कोकणात ज्याची दारे होतात, दक्षिणेत ज्याची वीणा होते, ते लाकूड चुलीत? दादांचा नि माझा दोन दिवस अबोला होता.

पूर्वी ही अडचण नव्हती. गिरण्यांच्या आधी करवतच ओंडक्याकडे जाई. ओंडका उंच चढवायचा, एक जण वर, एक खाली, मधे उभा आरा. भुसा सगळा खालच्याच्या डोळ्यांत. 1730 ते 1732 मध्ये उभ्या राहिलेल्या शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या रानातला साग आला, तोही असाच हातांनी चिरला गेला असणार.

आमच्याकडे आलेला कारागीर पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत घेऊन आला. पात्याला ॲल्युमिनियमची चौकट. "खिळे कुठे आहेत?" हा त्याचा पहिला प्रश्न, कारण खिळा लागला की साखळीचे दात गेलेच. काकूंनी खोडावर हात फिरवून सांगितले, "इथे वाळवणाच्या दोरीचा, इथे पाळण्याचा, आणि हा तुझ्या दादाने पतंगासाठी ठोकलेला." तिन्ही निघाले. तिसरा दादांनी स्वतः पकडीने उपटला, नि मग ते तिथून हललेच नाहीत.

खोडावर सरळ शिडी ठोकली; तिच्यावरून चौकट सरकली, की पहिला काप सपाट. पुढच्या कापांना तोच सपाटपणा वाट दाखवतो. मागच्या फटीत पाचरी माराव्या लागतात, नाहीतर पाते आवळते. उभ्या चिरण्याचे दातही निराळे: आडव्या कापाला तिसेक अंशांचा कोन, उभ्याला दहाच्या आसपास. यंत्र मोठे उधळे, कापामागे पाव इंचाचा भुसा. आठ फळ्यांना नऊ काप, म्हणजे सव्वादोन इंच फणस उडाला आणि चौक हळदीसारखा पिवळा झाला. ब्रह्मदेशात याच लाकडाने भिक्षूंची चीवरे रंगवीत.

फळ्या आता सोप्यात रचल्या आहेत. मधे पट्ट्या, टोकांना रंग, म्हणजे तडे कमी जातात. इंचाला वर्ष हा सुतारांचा जुना हिशेब, आणि आमच्या फळ्या दोन इंची. तोवर जिन्याकडे अंग चोरून जावे लागते. दादा मात्र दाराची मापे घेऊन बसले आहेत.