प्रक्रियक दोषनिदान

प्रक्रियक दोषनिदान : एकाच वेळी अनेकांना सेवा पुरविणाऱ्या संगणकाच्या, म्हणजे सर्व्हरच्या, प्रक्रियकात अथवा त्यास जोडलेल्या भागांत उद्‌भवणारे यंत्रदोष ओळखणे, त्यांचे मूळ स्थान निश्चित करणे व ते दूर करणे या कार्यपद्धतीस प्रक्रियक दोषनिदान म्हणतात. प्रक्रियक अथवा प्रोसेसर हा गणिती व तार्किक कृत्ये करणारा आणि इतर भागांवर नियंत्रण ठेवणारा संगणकाचा प्रमुख भाग होय. बहुतेक सर्व्हर रॅक नावाच्या पोलादी चौकटीत एकावर एक बसविलेले असतात. या चौकटीची प्रमाणित रुंदी १९ इंच (४८.२६ सेंमी.) असून उंचीचे एकक १.७५ इंच (सु. ४.४५ सेंमी.) आहे. एवढ्याशा उंचीत दोन प्रक्रियक, त्यांची स्मृती व विद्युत् पुरवठा सामावलेला असल्यामुळे एका भागातील बिघाड दुसऱ्या भागातील बिघाडाच्या रूपाने प्रकट होण्याची शक्यता मोठी असते. दोष जेथे नोंदला जातो तेथेच तो निर्माण झालेला असतो असे नाही, हे या शास्त्राचे मूलतत्त्व होय.

महत्त्व : संगणकात सर्व माहिती ० व १ या दोन अंकांत साठविली जाते. ४० ही संख्या द्विमान पद्धतीत १०१००० अशी लिहितात. यातील पहिला १ काही कारणाने ० झाला, तर उरलेली संख्या ००१०००, म्हणजे ८, होते. ही संख्या जमिनीच्या उताऱ्यातील क्षेत्राची असेल, तर ४० आर म्हणजे जवळजवळ एक एकर जमिनीचे ८ आरच उरतील. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये प्रायोगिक रीत्या सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या आठ जिल्ह्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. महाराष्ट्रात २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सात-बारा उतारा उपलब्ध आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोल्यासारख्या तालुक्यातील शेतकऱ्याची जमीन, पीककर्ज व वारसनोंद ही सर्व आता संगणकातील अंकांवर अवलंबून आहेत. त्यामुळे सर्व्हर बंद पडणे ही गैरसोय, तर तो चुकीचे उत्तर देत चालू राहणे ही हानी ठरते. दोष आढळताच यंत्राने थांबावे, अशी त्याची रचना हेतुपुरस्सर केलेली असते, ती याच कारणाने.

इतिहास : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या व १९६२ मध्ये टिफ्रॅक हे नाव मिळालेल्या संगणकात सु. २,७०० निर्वात नलिका होत्या. त्या काळी नलिका जळणे हा नेहमीचा दोष असे. म्हणून अमेरिकेतील व्हर्लविंडसारख्या संगणकांत विद्युत् दाब मुद्दाम कमीजास्त करून दुर्बळ झालेल्या नलिका आधीच हुडकून काढीत. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील यंत्र सुट्टीच्या दिवशी देखरेखीविना चालताना दोष आढळताच हाती असलेले काम सोडून देत असे. याचा अनुभव आलेल्या आर. डब्ल्यू. हॅमिंग या गणितज्ञांनी १९५० मध्ये दोष केवळ ओळखणारीच नव्हे, तर दुरुस्तही करणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली. १९७८-७९ मध्ये टी. सी. मे व एम. एच. वुड्स यांनी दाखवून दिले की, संकलित मंडलांच्या वेष्टनातील युरेनियम व थोरियम यांच्या अत्यल्प अंशातून निघणाऱ्या आल्फा कणांमुळे स्मृतीतील अंक बदलतात. विश्वकिरणांमुळेही असेच घडू शकते, हे जे. एफ. झीग्लर व डब्ल्यू. ए. लॅनफोर्ड यांनी १९७९ मध्ये मांडले. महाराष्ट्रात पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. अकोले तालुक्याला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शीच्या ३० आकाशकांकडून येणारे संकेतही आता संगणकसमूहातच एकत्र आणले जातात. अशा समूहात यंत्रांची संख्या जितकी अधिक, तितके कोणत्या तरी एका यंत्रात दोष असणे अधिक संभवनीय होते.

दोषांचे प्रकार : (१) तात्पुरता दोष : आल्फा कण अथवा विश्वकिरणजन्य न्यूट्रॉन यांमुळे एखादा अंक बदलतो, भागाची कायमची हानी होत नाही. (२) अधूनमधून येणारा दोष : सैल संपर्क, अतिउष्णता, अस्थिर विद्युत् दाब किंवा जीर्ण होत चाललेला ट्रँझिस्टर यांमुळे तो येतो व जातो. याचे निदान सर्वांत कठीण असते. (३) कायमचा दोष : भाग निकामी झाल्याने प्रत्येक वेळी आढळतो. याशिवाय आराखड्यातील चूक हा निराळा प्रकार होय. १९९४ मध्ये उघडकीस आलेली पेंटियम प्रक्रियकाच्या भागाकारातील चूक त्या आराखड्याच्या सर्व नगांत सारखीच होती. अशा वेळी त्याच आराखड्याचा दुसरा नग बसवून उपयोग होत नाही.

दोष ओळखण्याची साधी युक्ती म्हणजे समता अंक. वरील उदाहरणात १०१००० यात दोन १ आहेत, म्हणजे त्यांची संख्या सम आहे. एक अंक बदलताच ती विषम होते व दोष लक्षात येतो. मात्र कोणता अंक बदलला हे कळत नाही. सर्व्हरच्या स्मृतीत सामान्यतः माहितीच्या ६४ अंकांमागे ८ तपासणी अंक ठेवतात. त्यांमुळे एका अंकाची चूक दुरुस्त करता येते व दोन अंकांची चूक ओळखता येते. यावरून दुरुस्त झालेला दोष व दुरुस्त न होणारा दोष असे नोंदींचे दोन वर्ग पडतात.

नोंदींचे वाचन : १९९५ मधील पेंटियम प्रो व त्यानंतरच्या प्रक्रियकांत दोषनोंदीसाठी रजिस्टरांचे गट असतात. प्रत्येक गटातील स्थितिदर्शक रजिस्टर ६४ अंकांचे असून त्यावरून नोंद ग्राह्य आहे किंवा नाही, दोष दुरुस्त झाला किंवा नाही, पत्ता उपलब्ध आहे किंवा नाही आणि आधीची नोंद वाचली जाण्यापूर्वीच दुसरा दोष आला काय, हे समजते. सर्वांत खालचे १६ अंक दोषाचा वर्ग सांगतात. सर्व्हरच्या मुख्य फलकावर देखरेखीसाठी एक स्वतंत्र लहान नियंत्रकही असतो. मुख्य प्रक्रियक ठप्प झाला, तरी हा नियंत्रक तपमान, पंख्यांची गती, विद्युत् दाब व घटनांच्या वेळा नोंदवीत राहतो.

पूर्वी स्मृतीचे नियंत्रण करणारे मंडल प्रक्रियकाबाहेर असे. एएमडी कंपनीच्या २००३ मधील ऑप्टेरॉनमध्ये व इंटेल कंपनीच्या २००८ पासूनच्या नेहॅलेम रचनेत ते प्रक्रियकातच आले. परिणामी स्मृतीच्या पट्टीतील बिघाडही आता प्रक्रियकाच्या नावावर नोंदला जातो. त्याचप्रमाणे एखादे विस्तारपत्र उत्तर देईनासे झाले, तर वाट पाहून थकलेला प्रक्रियक स्वतःचाच अंतर्गत दोष घोषित करतो. नोंदीत प्रक्रियकाचे नाव आहे एवढ्यावरून तो बदलणे म्हणूनच चुकीचे ठरते.

निदानाचा क्रम : प्रथम सर्व नोंदी दुसऱ्या ठिकाणी उतरवून घेतात व माहितीची प्रत सुरक्षित करतात, कारण वीज पूर्ण बंद केल्यावर काही पुरावा नष्ट होऊ शकतो. दुसऱ्या पायरीत तपमान, पंखे, धूळ व विद्युत् पुरवठा तपासतात. तिसऱ्या पायरीत यंत्राच्या निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या ज्ञात दोषांशी नोंद ताडून पाहतात व आवश्यक तर अंतर्गत आज्ञावली अद्ययावत करतात. त्यानंतर स्मृतीच्या पट्ट्यांची अदलाबदल करतात. प्रक्रियकाला हात लावण्याची पाळी शेवटी येते.

दोन प्रक्रियकांच्या यंत्रात त्या दोहोंची अदलाबदल ही निर्णायक कसोटी होय. अदलाबदलीनंतर दोष प्रक्रियकाबरोबर गेला, तर तो प्रक्रियकाचा असतो. जागेवरच राहिला, तर बैठक, मुख्य फलक, विद्युत् नियामक अथवा त्या जागेची स्मृती यांत असतो. एका वेळी एकच बदल करावा, हा नियम येथे अनुल्लंघनीय आहे. पट्टी, प्रक्रियक व आज्ञावली एकदम बदलल्यास दोष गेला तरी कारण कळत नाही आणि निर्दोष भाग टाकून दिला जातो.

प्रक्रियक काढणे धोक्याचे असते. आधुनिक सर्व्हरमध्ये संपर्काच्या नाजूक पिना मुख्य फलकावरील बैठकीत असतात. २०१७ मधील एका प्रचलित बैठकीत त्यांची संख्या ३,६४७ होती. एक पीन वाकली, तरी स्मृतीचा एक मार्ग बंद पडू शकतो. उष्णताशोषकाचे स्क्रू ठरलेल्या क्रमाने न आवळल्यास दाब असमान पडून नवा दोष उत्पन्न होतो. मनगटाला भूसंपर्कित पट्टी बांधणे स्थिर विद्युतेपासून संरक्षणासाठी आवश्यक असते.

दुरुस्तीनंतर किती काळ थांबावे, हे दोषाच्या वारंवारतेवर अवलंबून असते. यदृच्छया सरासरी सात दिवसांतून एकदा येणारा दोष दुरुस्ती झाली नसतानाही एक दिवस न येण्याची शक्यता सु. ८७ टक्के असते. तीन आठवडे न येण्याची शक्यता मात्र ५ टक्केच उरते. म्हणून एका शांत दिवसावरून निष्कर्ष काढता येत नाही.

मूक दोष : कोणतीही नोंद न होता चुकीचे उत्तर देणारे दोष सर्वांत घातक असतात. २०२१ मध्ये फेसबुक व गूगल या कंपन्यांतील अभियंत्यांनी असे प्रक्रियक आढळल्याचे प्रसिद्ध केले. फेसबुकच्या उदाहरणात १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक घेतल्यास १५६ यावयास हवा होता. प्रक्रियकातील एका गाभ्याने तो ० दिला. ही आकडेमोड धारिकेचा आकार ठरविण्यासाठी होत असल्याने माहिती असलेली धारिका रिकामी समजली गेली. असे दोष यंत्राच्या नोंदीत सापडत नाहीत. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असे गणित प्रत्येक गाभ्याकडून वेळोवेळी करवून घेणे, बेरजांचा ताळा पाहणे व मूळ दस्तऐवजाशी पडताळणी करणे हेच उपाय उरतात.

स्थानिक परिस्थिती : निदानात यंत्राभोवतालचे हवामानही विचारात घ्यावे लागते. अकोले तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा असून राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) याच तालुक्याच्या सीमेवर आहे. घाटघर-भंडारदरा परिसरात पाऊस अतिशय पडतो, तर पूर्वेकडे प्रवरेच्या खोऱ्यात तो झपाट्याने कमी होतो. दमट हवेत संपर्कांवर गंज चढतो. कोरड्या हवेत धूळ व स्थिर विद्युत् यांचा उपद्रव होतो. विश्वकिरणजन्य न्यूट्रॉनांचे प्रमाण उंचीबरोबर वाढते; परंतु विषुववृत्ताकडे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ते तुलनेने कमी राहते. सर्व्हरच्या खोलीत हवेचे तपमान सामान्यतः १८° ते २७° से. ठेवण्याची शिफारस आहे. सुटे भाग दूरच्या शहरातून मागवावे लागतात तेथे चुकीच्या निदानाची किंमत अनेक दिवसांच्या खोळंब्याने मोजावी लागते. म्हणून अशा ठिकाणी प्रत्येक दोषाची तारीख, वेळ, तपमान व केलेला बदल यांची वहीत नोंद ठेवणे विशेष उपयुक्त ठरते. यंत्राची स्वतःची नोंद पुसली गेली, तरी ही वही शिल्लक राहते व पुढील निदानास आधार देते.