कराचा दर आणि शाळेचे छप्पर

एखाद्या वस्तीतील शाळेचे छप्पर गळत असेल, खिडक्यांची तावदाने फुटलेली असतील आणि मुले वर्गात दाटीवाटीने बसत असतील, तर तो दोष कोणाचा? अमेरिकेतील मोठ्या शहरांत ह्या प्रश्नाला दीर्घकाळ एक ठरीव उत्तर मिळत आले. कृष्णवर्णीयांना किंवा मेक्सिकन वंशाच्या लोकांना शिक्षणाची चाड नाही, म्हणून त्यांच्या शाळांना अशी अवकळा येते, असे ते उत्तर होय. त्याच्या खरेखोटेपणाची कसोटी टेक्सास राज्यातील सान अँटोनिओ शहरात एका खटल्याच्या निमित्ताने लागली. आणि ती कसोटी आकड्यांची असल्यामुळे आजही विचारात घेण्याजोगी आहे.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत सार्वजनिक शाळांचा कारभार बहुतेक ठिकाणी स्थानिक शाळा-मंडळांकडे असतो. एकाच शहराच्या परिसरात अशी अनेक मंडळे असू शकतात. राज्य सरकार काही अनुदान देते, मध्यवर्ती सरकार थोडी भर घालते. उरलेला खर्च मंडळाने आपल्या हद्दीतील घरेदारे व जमिनी यांवर कर बसवून भागवावयाचा असतो. नवी इमारत बांधावयाची तर कर्जरोखे काढावे लागतात आणि तेही सामान्यतः ह्याच कराच्या उत्पन्नातून फेडावे लागतात. अर्थात जेथे मालमत्तेची किंमत मोठी, तेथे थोड्या दराने पुष्कळ पैसा जमतो. जेथे ती अल्प, तेथे दर कितीही चढविला तरी तिजोरी रितीच राहते.

सान अँटोनिओच्या एजवूड मंडळात सुमारे नव्वद टक्के विद्यार्थी मेक्सिकन वंशाचे होते. मे १९६८ मध्ये तेथील माध्यमिक शाळेचे सुमारे ४०० विद्यार्थी मोडकी इमारत, अपुरे साहित्य आणि अपात्र शिक्षक यांविरुद्ध वर्ग सोडून बाहेर पडले. त्याच वर्षी डेमेट्रिओ रॉड्रिग्ज व इतर पालकांनी न्यायालयात धाव घेतली.

खटल्यात पुढे आलेले १९६७-६८ चे आकडे बोलके होते. एजवूडमध्ये दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची होती. त्याच शहराच्या परिसरातील, मुख्यतः गौरवर्णीयांच्या अॅलमो हाइट्स मंडळात ती ४९,००० डॉलरहून अधिक होती. एजवूडचे रहिवासी १०० डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर भरीत. अॅलमो हाइट्सचे रहिवासी केवळ ८५ सेंट. इतके करूनही स्थानिक करातून एजवूडच्या मुलाच्या वाट्याला २६ डॉलर आले आणि अॅलमो हाइट्सच्या मुलाच्या वाट्याला ३३३. सर्व अनुदाने मिळवूनही एकूण खर्च अनुक्रमे ३५६ आणि ५९४ डॉलर होता. ज्यांना शिक्षणाची चाड नाही असे म्हटले जात होते, तेच आपल्या तुटपुंज्या मालमत्तेवर सर्वांत चढा कर सोसत होते. रूढ समजुतीला ह्याहून स्पष्ट उत्तर क्वचितच मिळाले असेल.

मग त्यांची मालमत्ता इतकी स्वस्त का? येथेच वंशभेदाचा इतिहास आड येतो. १९३३ साली स्थापन झालेल्या गृहकर्जविषयक सरकारी महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करविले. त्यांत कृष्णवर्णीय वा परदेशी वंशाच्या लोकांची वस्ती बहुधा तांबड्या रंगाने, म्हणजे कर्जाला धोक्याची म्हणून, दाखविली जाई. अनेक ठिकाणी खरेदीखतांतच अशा लोकांना घर विकू नये अशी अट असे. १९४८ पर्यंत न्यायालये ती अंमलातही आणीत. पूर्वग्रहामुळे जमीन स्वस्त झाली, स्वस्त जमिनीमुळे कर थोडा जमला, थोड्या करामुळे शाळा मोडकळीस आली. आणि ती मोडकी शाळा पाहून मूळचा पूर्वग्रह आणखी दृढ झाला. असे हे दुष्टचक्र होय.

सगळ्या शहराची तिजोरी एक असली म्हणजे अन्याय टळतोच, असेही नाही. शिकागोमध्ये कृष्णवर्णीयांच्या शाळांत अतोनात गर्दी असता, गौरवर्णीयांच्या शाळांतील रिकाम्या जागा त्या मुलांना देण्याऐवजी अधिकाऱ्यांनी पत्र्याच्या फिरत्या खोल्या उभ्या केल्या. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी दोन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार टाकून ह्याचा निषेध केला.

एजवूडच्या पालकांना खालच्या न्यायालयात यश आले. परंतु १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो निर्णय फिरविला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, अशी बहुमताची भूमिका होती. त्यानंतर हा लढा राज्यांच्या न्यायालयांत गेला. १९८९ साली टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने तेथील पद्धती राज्यघटनेविरुद्ध ठरविली. न्यू जर्सीच्या न्यायालयाने १९९० साली गरीब शहरी मंडळांचा खर्च संपन्न उपनगरांच्या बरोबरीला आणण्याचा आदेश दिला आणि १९९८ साली शाळांच्या इमारतींचाही त्यात समावेश केला. २००० सालच्या कायद्याने ८६० कोटी डॉलर मंजूर झाले. त्यांपैकी ६०० कोटी ह्या मंडळांसाठी होते. तथापि २००५ पर्यंत निधी संपला, पुष्कळ शाळा कागदावरच राहिल्या आणि गैरव्यवस्थेमुळे बांधकाम महामंडळ मोडून नवे उभारावे लागले. पैसा अवश्य आहे. पण त्यावर जागती देखरेखही तितकीच अवश्य आहे, हा त्यातील धडा.

मराठी वाचकाला हा प्रश्न सर्वस्वी परका वाटू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांनाच अर्पण केला होता. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी हीच तक्रार मांडली की, सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांनाच मिळतो. कर कोण भरतो आणि शाळा कोणाला मिळते, हा प्रश्न दोन्ही देशांत एकच आहे.

शाळेची इमारत हे मुलाला समाजाकडून मिळणारे पहिले प्रशस्तिपत्र असते. गळक्या छपराखाली बसणाऱ्या मुलाला त्याची किंमत न सांगताच कळते. म्हणून एखाद्या वस्तीची शाळा पडकी दिसली, तर तेथील लोकांच्या स्वभावाविषयी मत बनविण्यापूर्वी त्यांच्या कराचा दर आणि त्यांच्या मुलांच्या वाट्याला आलेली रक्कम विचारावी. न्यायाची सुरुवात तेथूनच होते.