जलवाहिनी नेमकी कुठे फुटते?

‘शास्त्रीय कारणे द्या : थंड प्रदेशात हिवाळ्यात जलवाहिन्या फुटतात.’ हा प्रश्न आपल्या शाळांतून वर्षानुवर्षे विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेले आहे. पाणी गोठताना प्रसरण पावते, बर्फाचा दाब नळीवर पडतो, नळी फुटते. मिळाले दोन गुण! हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायला उत्तर अमेरिकेतील मोटरहोमचे उदाहरण फार सोयीचे आहे.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. एका लांबलचक गाडीत ओटा, बेसिन, शॉवर, संडास, पाण्याची टाकी, पंप आणि पाणी तापवण्याचे पात्र, असा सगळा संसार बसवलेला असतो. उन्हाळ्यात मंडळी त्यातून हिंडतात आणि हिवाळ्यात गाडी अंगणात उभी करून ठेवतात. राहते घर आतून उबदार ठेवलेले असते, ही गाडी मात्र बाहेरच्या हवेइतकीच गार होते. मिनेसोटासारख्या राज्यात पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. म्हणून थंडी पडण्यापूर्वी गाडीतील साऱ्या नळ्यांचा बंदोबस्त करावा लागतो. त्यात हयगय झाली, तर भिंतीआड आणि जमिनीखाली दडलेल्या नळ्या उकरून बदलण्याची वेळ येते.

आता नळीच्या आत काय घडते ते पाहू. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. परंतु नळी लांब असते. बर्फाला बाजूने जागा नसली, तरी तो नळीच्या लांबीच्या दिशेने वाढू शकतो आणि पुढचे पाणी ढकलू शकतो. नळीच्या सर्वांत थंड भागात आधी बर्फाचे बूच तयार होते. एवढ्याने सहसा काही बिघडत नाही. बूच वाढू लागले, की ते एका बाजूचे पाणी टाकीकडे मागे सारते. दुसऱ्या बाजूला मात्र बंद तोटी असते! बूच आणि तोटी यांच्यामध्ये पाणी कोंडले जाते. पाणी जवळजवळ दाबले जातच नाही, त्यामुळे बर्फ थोडासा जरी पुढे सरकला तरी दाब झपाट्याने चढतो. किती चढेल? उणे ५ अंशांना पाणी गोठू द्यायचे नसेल, तर त्यावर सुमारे ६०० वातावरणांचा दाब हवा. घरगुती नळाला असतो तीन-चार वातावरणांचा. साहजिकच नळी किंवा तिचा सांधा त्याआधीच हार पत्करतो.

इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकात नळ्या मुद्दाम गोठवून आतील तापमान व दाब मोजले, तेव्हा हेच दिसून आले. नळी बर्फाच्या जागीच फुटते असे नाही. जिथे अजून पाणीच आहे अशा ठिकाणीही ती फुटते. कडाक्याच्या रात्री तिकडचे लोक तोटी थेंबथेंब गळती ठेवतात, त्याचेही कारण यात आहे. पाणी गोठले तरी कोंडलेल्या पाण्याला वाट राहते.

म्हणजे मोटरहोममध्ये खरा शत्रू आहे तो कोंडलेल्या पाण्याचा कप्पा. टाकी रिकामी करायची, पात्रातील पाणी निवल्यावर त्याचे बूच काढायचे, सर्वांत खालच्या पातळीवरील निचऱ्याच्या झडपा उघडायच्या आणि गरम-गार सगळ्या तोट्या उघड्या टाकायच्या. काही जण यानंतर बेताच्या दाबाची हवा फुंकून नळ्या मोकळ्या करतात. आत थेंब राहिले तरी चालते, कारण त्यांना पसरायला जागा असते. मात्र पंपात पाणी अडून राहते, आणि बेसिनखालच्या वाकड्या नळीतही. ही वाकडी नळी कोरडी करून भागत नाही. तिच्यातील पाणीच सांडपाण्याच्या टाकीतला वास आत येण्यापासून अडवते.

अशा ठिकाणी गोठणरोधक द्रव लागतो. मोटारीच्या रेडिएटरमध्ये वापरतात ते इथिलीन ग्लायकॉल इथे मुळीच चालत नाही. ते गोडसर पण विषारी असते. शरीरात त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल तयार होते आणि त्याचे कॅल्शियमयुक्त स्फटिक मूत्रपिंडात साठतात. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात, जे खाद्यपदार्थांत आणि औषधांतही चालते. ते ओळखू यावे म्हणून बहुधा गुलाबी रंगवलेले असते. तापवण्याचे पात्र आडवाटेच्या झडपेने वगळले, तर आठ-दहा लिटर द्रव पुरतो. वगळायचे विसरले, तर आधी वीस-पंचवीस लिटर त्या पात्रातच जातो!

या द्रवाच्या डब्यावर ‘उणे ५०’ असे छापलेले असते. हे अंश फॅरनहाइटचे, म्हणजे सुमारे उणे ४६ सेल्सिअस. पण हा त्याचा गोठणबिंदू नव्हे. बर्फाचे स्फटिक त्याच्या बऱ्याच आधी दिसू लागतात. मुले ज्याला पेप्सीकोला म्हणतात, तो प्लॅस्टिकच्या नळीतला गोड बर्फ आठवा. चोखत गेले की रंग आणि गोडी आधी निघून जाते, हाती उरतो पांढरा, बेचव बर्फ. गोठताना पाण्याचे स्फटिक साखरेला बाहेर ठेवतात, तसेच ते ग्लायकॉललाही ठेवतात. उरलेला द्रव अधिकाधिक तीव्र होतो आणि म्हणून आणखी खालच्या तापमानापर्यंत पातळ राहतो. नळीत घट्ट बूच न होता लगदा होतो. लगदा सरकू शकतो, आणि सरकू शकणारी वस्तू पाणी कोंडत नाही. टाकीत जुने पाणी ठेवून वर ग्लायकॉल ओतले तर मात्र द्रव पातळ होतो आणि डब्यावरच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

सर्वांत जास्त विसर पडतो तो गाडीच्या बाहेरच्या बाजूला पाय धुण्यासाठी बसवलेल्या शॉवरचा. फुटलेली नळी हिवाळाभर कळत नाही, कारण आत बर्फच असतो. वसंतात टाकी भरून पंप सुरू करतात. एरवी तोट्या बंद असल्या, की दाब भरताच पंप आपोआप थांबतो. या वेळी तो थांबत नाही.